मासा आजारी दिसतोय? औषधाआधी पाणी तपासा

टाकीतला मासा कोपऱ्यात मलूल होऊन बसला की बहुतेक जण तडक दुकान गाठतात आणि निळ्या नाहीतर पिवळ्या औषधाची बाटली घेऊन येतात. ती बाटली उघडण्याआधी थोडा वेळ टाकीसमोर बसा. घरच्या टाकीत मासे आजारी पडतात ते बहुधा पाणी बिघडल्यामुळे. बिघडलेल्या पाण्यात औषध ओतलं तर मासा आजाराने नाही, उपचाराने दगावतो.

आधी नीट बघा

पहिला प्रश्न: सगळे मासे सुस्त आहेत की एकच? सगळेच वर येऊन तोंड उघडमीट करत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय किंवा अमोनिया (माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात तयार होणारं विष) वाढलाय. लाइट जाऊन एअर पंप बंद पडला होता का, तेही आठवा. एकच मासा बाजूला पडला असेल तर रोगाचा संशय घ्यायला जागा आहे. मग बारकाईने बघा. कल्ले भराभर हलताहेत का, पर अंगाला मिटून घेतलेत का, दगडाला अंग घासतोय का, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी आहे का? खोलीतला दिवा मालवून मोबाइलच्या टॉर्चचा झोत बाजूने तिरपा मारा. समोरून न दिसणारे ठिपके आणि अंगावरची सोनेरी पूड अशा उजेडातच दिसते.

मग पाणी

थेंबांचं टेस्ट किट घरात हवंच. अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तितकंच घातक नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, शेवटी उरणारं कमी घातक नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आत. अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या टाकीत तयार व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, म्हणून नव्या टाकीतले मासे पहिल्या महिन्यात पटापट जातात. जुन्या टाकीत हेच संकट आपण हाताने ओढवून घेतो. रविवारी टाकी पूर्ण रिकामी करायची, खडे घासायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवायचा. अमोनिया पचवणारे जिवाणू या स्पंजमध्येच राहतात आणि नळाच्या क्लोरिनने ते मरतात. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, तोही हलक्या हाताने.

किटने दोष दाखवला तर 25 ते 30 टक्के पाणी बदला. नव्या पाण्याचं तापमान टाकीइतकंच ठेवा आणि त्यात आधी अँटी-क्लोरिन टाका. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास जास्त येतो तेव्हा हे विसरून चालणार नाही. खाणं एक दिवस बंद ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. अनेक मासे एवढ्यानेच सावरतात.

पांढरे ठिपके

पाणी ठीक असूनही अंगावर आणि परांवर बारीक मिठाचे कण चिकटल्यासारखे दिसले तर तो व्हाइट स्पॉट. (फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर ओळीने ठिपके आलेला, एरवी ठणठणीत गोल्डफिश आजारी नसतो. विणीच्या काळात नराला ते येतात.) प्रत्येक ठिपक्यात कातडीखाली शिरलेला एक परजीवी असतो. तो वाढला की गळून तळाशी जातो, तिथे कवच करून शेकडो पिल्लं सोडतो आणि ती पोहत नवा मासा शोधतात. औषध किंवा मीठ लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालच्या किंवा कवचातल्यावर नाही. म्हणूनच तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून उपचार थांबवला की आठवड्याभरात दुप्पट जोराने परत येतात. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवा.

रोग अख्ख्या टाकीत असतो, त्यामुळे एकट्या माशाला बाहेर काढून भागत नाही. मी आधी खडे मीठ वापरायला सांगेन, आयोडिन न घातलेलं. प्रमाण लिटरला 2 ग्रॅम. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि 1000 ने भागा. 60 × 30 × 26 म्हणजे सुमारे 47 लिटर. वाळू-दगड वजा जाता 42 धरा, मीठ 84 ग्रॅम. ते तीन भाग करून दीड दिवसात, दर वेळी मगभर पाण्यात विरघळवून घाला. मीठ बाष्पाबरोबर उडत नाही, म्हणून आटलेल्या पाण्याची भर बिनमिठाच्या पाण्याने घाला. 10 लिटर पाणी बदललं तर मात्र 20 ग्रॅम परत घालावं लागेल.

गप्पी, मोलीसारख्या माशांना हीटरने हळूहळू, दिवसाला 1-2 अंशांनी, 30 अंशांपर्यंत नेलं तर परजीवीचं चक्र लवकर संपतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यामुळे हवेचा दगड (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) जोरात चालू ठेवा. गोल्डफिशला एवढी ऊब नको. कोरीडोरास, लोच (दोन्ही तळाशी राहणारे मासे) आणि पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही. अशा टाकीतले सगळे मासे वेगळ्या डब्यांत हलवून तिथे उपचार करा, कोरीडोरास आणि लोच यांच्या डब्यात मात्र मीठ नको.

बाकीचे आजार

परांच्या कडा झिजून पांढरट-लाल झाल्या असतील तर पाण्याची शिस्त आणि थोडं मीठ बहुधा पुरतं. ओठांभोवती कापसासारखं काही दिसलं की लोक बुरशी समजतात, पण पुष्कळदा तो जिवाणूंचा रोग असतो आणि झपाट्याने पसरतो. तिथे तापमान वाढवणं म्हणजे आगीत तेल. सोनेरी पूड दिसली तर टाकीचा दिवा बंद ठेवा, कारण ती पूड म्हणजे एक परजीवी असतो आणि तो उजेडावरही जगतो. खवले अननसासारखे उभे राहिले तर आतले अवयव निकामी होत आलेले असतात. फार आशा धरू नका, पण माशाला वेगळा ठेवून शांतता द्या. वाकडातिकडा तरंगणाऱ्या गोल्डफिशला दोन दिवस उपाशी ठेवून मग उकडलेला, साल काढलेला मटाराचा दाणा चिमटून द्या.

माणसांच्या औषधाच्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकू नका. मिथिलिन ब्लू हे निळं औषध मुख्य टाकीत नको, त्याने फिल्टरचे जिवाणू मरतात. कुठलंही औषध देण्याआधी फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तोच ते शोषून घेतो. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, माशांचे काही जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतात.

नवीन मासा आणला की 3-4 आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा, त्याला जाळीही वेगळी. त्या डब्यासाठी एक जादा स्पंज मुख्य फिल्टरमध्ये कायम ठेवून द्या, म्हणजे मासा आणाल त्या दिवशी जिवाणूंनी भरलेला फिल्टर हाताशी असेल.