जुनं सोन्याचं पॉकेट वॉच: सराफाकडे न्यायच्या आधी एवढं बघाच

घरात जुनं सोन्याचं पॉकेट वॉच निघालं तर कृपा करून पॉलिश करू नका, सोनं झिजतं, नक्षी बोथट होते आणि आतले ठसे पुसले गेले की ते कुठलं आणि किती कॅरेटचं हे कळायचा मार्गच बंद.

आधी मागचं झाकण उघडा. कडेला नख अडकेल एवढी जागा असते, सुरी घालू नका, काही झाकणं आट्यांची असतात ती फिरवून निघतात. मग भिंग घेऊन बसा. ७५० किंवा १८ के म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४. स्विस घड्याळावर १८ कॅरेटला बाईचं डोकं आणि १४ ला खार असा बारीकसा ठसा सापडतो, ही पद्धत १८८० पासूनची. 'रोल्ड गोल्ड' किंवा 'गोल्ड फिल्ड' लिहिलेलं असेल तर वर फक्त सोन्याचा पत्रा आहे, तो बिजागरीपाशी आणि कडेला झिजून आतला धातू दिसायला लागतो. आणि ठसा प्रत्येक झाकणावर वेगळा बघा, कारण बाहेरचं सोन्याचं असून आतलं साध्या धातूचं असणं अगदी कॉमन आहे.

तबकडी बहुतेक वेळा एनॅमलची, म्हणजे काचेसारख्या लेपाची असते, तिरप्या उजेडात धरली की केसासारख्या चिरा दिसतात. पुसायला पाणी नको, चिरेतून आत जातं.

बंद पडलंय म्हणून 'चावी जास्त दिली' असं सगळेच म्हणतात, पण बहुतेकदा आतलं तेल वाळून घट्ट झालेलं असतं. बॅलन्स व्हील (मागे-पुढे डोलणारं आतलं चाक) मोकळं डोलतंय का तेवढं बघा, हात लावू नका. चालत असेल तरी ओव्हरहॉल (सगळं उघडून साफसफाई आणि नवं तेल) होईपर्यंत रोज चालवू नका, कोरडे भाग एकमेकांवर घासून खराब होतात. पुढे झाकण असेल तर बंद करताना वरचं बटण दाबून धरा, नुसतं खटकन मिटलं की खिट्टी झिजते.

कॅरेट मशीनवर बघायला पुण्यात लक्ष्मी रोडला सराफाकडे गेलात तर आधीच सांगा, फक्त चेक करायचंय, घासायचं नाही, कापायचं नाही. मोडीचा भाव सांगितला तर त्यात घड्याळाच्या आतल्या यंत्राची, नक्षीची, कंपनीच्या नावाची किंमत शून्य धरलेली असते हे डोक्यात ठेवा, आणि तेवढ्यावर हो म्हणू नका. जुन्या चावीच्या घड्याळांचं काम करणारा कारागीर आधी गाठा, आतल्या यंत्रावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा, वॉल्थमसारख्या कंपन्यांचं साल त्यावरून निघतं. आणि शंभर वर्षांच्या वरचं असेल तर परदेशात पाठवायच्या आधी १९७२ चा पुरावस्तू कायदा नीट बघून घ्या.