पिनकोड ‘मु.’चा नव्हे, ‘पो.’चा

पत्ता लिहिताना ‘मु. पो.’ एका दमात लिहायची सवय आहे. गावात पोस्ट असेल तर ते बरोबरच. नसेल तर मुक्काम एक आणि पोस्ट दुसरं, आणि पिनकोड मात्र टपाल वाटणाऱ्या पोस्टाचा. बहुतेक चुका इथेच होतात.

सारख्या नावांच्या गावांचा आणि वेगवेगळ्या लिप्यांतल्या पत्त्यांचा घोळ मिटावा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सावंतवाडीचा ४१६५१० घ्या. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. पहिले तीन आकडे, ४१६, टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात. उरलेले ५१० हे वाटप करणारं पोस्ट.

वर्गवारीचा जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. ४१६ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग येतात. साताऱ्याचा ४१५००१ आणि रत्नागिरीचा ४१५६१२, म्हणजे मधे सह्याद्री असूनही सुरुवात तीच. ठाणे (४००६०१) आणि वाशी (४००७०३) मुंबईच्या ४०० मध्ये. म्हणून पिनवरून जिल्हा ताडू नका. ऑनलाइन फॉर्मने पिन टाकताच जिल्हा आपोआप भरला, तरी तो वाचून मगच पुढे जा.

आपला पिन शोधायला भारतीय डाकच्या संकेतस्थळावर पोस्टाचं नाव टाका. एकाच नावाची अनेक पोस्टं दिसतील, तेव्हा जिल्हा पडताळून पाहा. नावापुढे ‘नॉन-डिलिव्हरी’ असेल तर तिथे खिडकी आहे, पण घरोघरी वाटप नाही. शंका उरली तर पोस्टमनला विचारा. हद्द त्याच्या बीटवरून, म्हणजे वाटपाच्या ठरलेल्या फेरीवरून ठरते, वॉर्डावरून नाही. दादर एकच, पण पूर्वेला ४०००१४ आणि पश्चिमेला ४०००२८.

खेड्याचा पत्ता असा लिहा:

मु. वाडीचं नाव,
पो. शाखा पोस्टाचं गाव,
ता., जि.,
पिन ४१६ ५१० असा, तीन-तीन आकडे सुटे.

एका उपडाकघराचा पिन त्याच्या हाताखालच्या अनेक शाखा पोस्टांना चालतो. त्यामुळे पिन अचूक असूनही ‘पो.’ गाळलं, तर पत्र उपडाकघरापर्यंत नीट पोचतं आणि पुढे कुठल्या शाखेच्या थैलीत टाकायचं ते कळत नाही. शेवटचे आकडे चुकले तर पत्र बहुधा आसपासच्याच पोस्टात जाऊन परत वळतं. पहिल्या तिनांत अदलाबदल झाली, ४१६ चं ४६१ झालं, की ते थेट मध्य प्रदेशाच्या वाटेला लागतं.