शेजाऱ्यांचा उपवास : या चुका टाळा

पर्युषणात समोरच्या जैन काकूंचा उपवास आहे कळल्यावर मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. गरमागरम, वर साजूक तूप, मधे बटाट्याच्या फोडी. काकूंनी दारातच हात जोडले. "बेटा, माझी अठ्ठाई आहे." म्हणजे सलग आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. बटाटा तर कंदमूळ म्हणून त्या एरवीही खात नाहीत. झाकलेली वाटी परत आणताना फार वाईट वाटलं.

'उपवास' शब्द ओळखीचा, म्हणून अर्थही आपलाच धरला जातो. आपल्या एकादशीला वरई, रताळं चालतं. रोज्यात मात्र पहाटेच्या सहरीनंतर थेट सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत पाण्याचा घोटही नाही. तिथे "घोटभर चहा घे, त्याने काय होतंय?" असा आग्रह करू नका. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम, हे खरं. पण नाही म्हणायचं ओझं रोजा धरणाऱ्यावर पडतं.

त्याहून वाईट म्हणजे चारचौघांत "आज तुझा रोजा नाही का?" असं विचारणं. आजारी माणसाला, प्रवाशाला, गरोदर बाईला सूट असते आणि पाळीत रोजा धरतच नाहीत. मग त्या मुलीने सगळ्या ऑफिससमोर काय सांगायचं? "आज देवाला हात का नाही लावलास?" असं पाहुण्यांसमोर विचारल्यावर आपल्याला जसं होतं, तसंच तिला होतं. हा प्रश्न कृपा करून विचारूच नका.

गेल्या वर्षीच्या तारखेवरून रमजानचा अंदाजही बांधू नका. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यात आपल्यासारखा अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो.

शुभेच्छांचंही तसंच. गुड फ्रायडे हा येशूला क्रुसावर खिळल्याचा दिवस, त्याला 'हॅपी' लावू नका. वसईतल्या मैत्रिणीला फोन करायचा तर ईस्टरच्या रविवारी करा. मोहरमच्या दहाव्या दिवशीही शुभेच्छा नकोत, इ.स. ६८० मध्ये करबलात इमाम हुसेन शहीद झाले, त्याचा तो शोक.

काकूंच्या पारण्याला मात्र मी आदल्या दिवशीच विचारलं, "काकू, काय आणू?"

"मुगाचं पाणी आण, लसूण नको. आणि नवकारशीनंतर ये."

नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं. तेवढी थांबून मी बेल वाजवली.