मराठी आकडे लिहायला शिकताना या चुका टाळा

दर रविवारी इंग्रजी शाळेतली सात-आठ मुलं माझ्याकडे मराठी लिहायला येतात. अक्षरं त्यांना लवकर जमतात, गाडी अडते ती आकड्यांपाशी. बाराखडी बिनचूक लिहिणारी मुलगी 'त्रेचाळीस' ऐकून ३४ लिहिते आणि घरचे म्हणतात, "हिचं लक्षच नसतं." लक्ष पुरेपूर असतं. आकड्यांची चूक बहुतेक वेळा डोळ्यामुळे होते किंवा कानामुळे. ती नेमकी कुठून आली हे ओळखल्याशिवाय शंभर वेळा लिहून घेण्याचा उपयोग नाही.

आधी डोळ्याच्या चुका. इंग्रजी आकडे आधी शिकलेल्या डोळ्याला मराठी १ हा इंग्रजी नऊ वाटतो, ४ हा आठ, ५ हा चार आणि ७ हा सहा. म्हणून मुलाला मुंबईत बेस्टच्या बसवरचा मराठी नंबर वाचायला सांगा, कोणता आकडा कच्चा आहे ते लगेच कळेल. ४ साठी मी एवढंच सांगते: मराठी चार वरून उघडा असतो आणि त्याची गाठ खाली असते. इंग्रजी आठ दोन्हीकडून बंद. १ आणि ९ मध्ये फरक एका वळणाचा आहे आणि घाईत ते वळण राहिलं की ९ चा १ होतो. हे दोन आकडे वेगवेगळ्या दिवशी शिकवू नका, एकाखाली एक लिहून घ्या.

मोठ्यांनीही हे हलक्यात घेऊ नये. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र मराठी आकड्यांत असतं. त्यातले ४० आर कोणी ऐंशी वाचले तर सुमारे एक एकराची जमीन दोन एकर होऊन बसते.

३ आणि ६ उलटसुलट होतात, त्यावरचा उपाय आपल्या भाषेतच आहे. दोघांचं पटत नसलं की आपण 'त्यांचा छत्तीसचा आकडा आहे' म्हणतो, कारण ३६ मध्ये दोन्ही आकडे एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. ६३ लिहिलं की ते समोरासमोर येतात. मुलांना हे एकदा चित्र काढून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

कानाच्या चुका जास्त चिवट असतात. मराठीत वीसच्या पुढे एकक आधी बोलतात, दशक नंतर. त्रेचाळीस म्हणजे तीन आणि चाळीस. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितं, म्हणून ३४. जर्मनमध्येही एकक आधीच बोलतात आणि तिथली मुलंही ते शिकतात, तेव्हा मराठीलाच दोष द्यायचं कारण नाही. मी पाटीवर दोन चौकटी काढते, डावी दशकाची, उजवी एककाची. 'त्रे' ऐकलं की ३ उजवीकडे, 'चाळीस' ऐकलं की ४ डावीकडे. दोनेक आठवड्यांनी चौकटी पुसून टाकायच्या, नाहीतर मूल कायम उजवीकडून डावीकडे लिहीत राहतं आणि पुढे तीन अंकी संख्येला अडखळतं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'नव्वद तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. मला विचाराल तर शिडी म्हणून ही पद्धत चांगली आहे. अडलेल्या मुलाकडून मीसुद्धा 'चाळीस तीन' म्हणवून घेते. पण शिडीवरच थांबू नका. भाजीवाला त्रेचाळीसच म्हणणार आहे आणि आजीही.

खरी फसगत होते 'एकोण'पाशी. एकोणसाठ म्हटलं की मुलाला 'साठ' ऐकू येतं आणि वहीत ६९ उमटतं. 'एकोण' म्हणजे एकाने उणा. पुढच्या दशकाचं नाव घ्यायचं आणि एक पाऊल मागे यायचं: एकोणसाठ ५९, एकोणसत्तर ६९, एकोणऐंशी ७९. घड्याळातले रोमन आकडे पाहिलेल्या मुलांना हे पटकन पटतं, कारण तिथेही नऊ म्हणजे दहाच्या आधी एकाची उभी रेघ, दहाला एक कमी. लॅटिन भाषेत तर एकोणीसला 'वीसला एक उणा' अशाच अर्थाचा शब्द होता. दोन गोष्टी मात्र पाठच करून घ्या. ९९ ला 'एकोणशंभर' नाही, नव्याण्णव म्हणतात. आणि घरात हिंदीही बोलत असतील तर ८९ ला मूल 'नवासी' म्हणेल, मराठीत तो एकोणनव्वद आहे.

सहाचा आकडा नावात फार वेष बदलतो: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. ६६ आणि ७६ यांत तर मोठी माणसंही गोंधळतात. इथे शब्दाची सुरुवात सोडा, शेवट ऐका. सष्ट आलं की साठीतला, त्तर आलं की सत्तरीतला, ण्णव आलं की नव्वदीतला. दशक पक्कं झालं की अर्धी चूक संपली.

'दोन हजार पाच' सांगितलं की २०००५ लिहिणं ही ऐकलेले तुकडे एकापुढे एक चिकटवण्याची चूक. हजार, शतक, दशक, एकक अशी चार घरं आखा, रिकाम्या घरात शून्य बसवा. २००५ आपोआप येतं.

पाव आणि अर्धा यांची नावं लहानपणापासून कानावर असतील तरच जमतात. 'साडेएक', 'साडेदोन' म्हणू नका, दीड आणि अडीच म्हणा. साडे तीनपासून सुरू होतं. पावणेदोनशे म्हणजे १७५. कित्येक जण २७५ लिहितात, कारण पुन्हा तेच, कानाला 'दोनशे' ऐकू येतं.

चेकवर मात्र 'सव्वा लाख' लिहू नका, 'एक लाख पंचवीस हजार फक्त' असं पूर्ण लिहा. चेक मराठीत लिहायला रिझर्व्ह बँकेची हरकत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम १८ नुसार आकडी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी रक्कम धरली जाते, म्हणजे एकोणसाठ की एकोणसत्तर याला तिथे पैशाची किंमत आहे. प्रत्यक्षात असा चेक बँक परतही पाठवू शकते. रकमेत खाडाखोड केलेला चेक चालत नाही. चूक झाली तर सरळ नवा चेक घ्या.

मोबाइलवर किंवा संगणकावर मराठी आकडे टाइप करताना एक लक्षात ठेवा: युनिकोडमध्ये मराठी ५ आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी चिन्हं आहेत. एक्सेलमध्ये बेरीज होत नसेल, ओटीपी चुकीचा दाखवत असेल किंवा फाइलमध्ये शोधलेलं साल सापडत नसेल, तर आधी कीबोर्ड कोणता चालू आहे ते पाहा. आणि गाडीच्या नंबरप्लेटवर हौसेनं मराठी आकडे रंगवू नका. मोटार वाहन नियमांत तिथे इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच सांगितले आहेत. हौस दाराच्या पाटीवर करा, तिथे घराचा नंबर ठसठशीत मराठीत लिहा, ४ ची गाठ खाली ठेवून.