महाविद्यालयीन फुटबॉल संघाच्या नव्या मुख्य प्रशिक्षकाची पारख चाहत्याने कशी करावी

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा (म्हणजे चेंडू हातात घेऊन आणि फेकून खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचा) नियमित हंगाम नोव्हेंबरअखेर संपत आला, की मुख्य प्रशिक्षक बदलण्याचे सत्र सुरू होते. विद्यापीठाचे क्रीडा संचालक पत्रकार परिषद घेतात, नव्या प्रशिक्षकाच्या हाती संघाची जर्सी दिली जाते, आणि त्याच संध्याकाळपर्यंत चाहत्यांमध्ये दोन तट पडलेले असतात. एका गटाला विजेतेपद डोळ्यांपुढे दिसू लागते, तर दुसऱ्याला पुढची चार वर्षे वाया गेल्यासारखी वाटतात. दोन्ही प्रतिक्रिया मनापासूनच्या असतात. मात्र त्या नव्या माणसाविषयी फार थोडे सांगतात आणि आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात चाहत्यांनी जे सोसले त्याविषयी पुष्कळ सांगतात. ज्यांच्या संघाचा बचाव वर्षानुवर्षे भेदला गेला, त्यांना बचावाचा जाणकार आला की धीर येतो. ज्यांचा प्रशिक्षक ऐन हंगामात दुसऱ्या विद्यापीठाकडे निघून गेला, त्यांना त्याच संघातून खेळलेला घरचा माणूस हवासा वाटतो. म्हणून नेमणूक जाहीर होताच आपल्याला नेमके काय वाटले आणि ते का वाटले, हे तारखेसह लिहून ठेवावे. दोन हंगामांनंतर हेच टिपण आपल्या मताची कसोटी घेण्यास उपयोगी पडते, कारण आपण सुरुवातीपासून असेच म्हणत होतो, असे तोवर प्रत्येकालाच वाटू लागलेले असते.

पहिल्या दिवसाची प्रतिक्रिया किती फसवी असते, याची दोन उदाहरणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. डिसेंबर २००८ मध्ये ऑबर्न विद्यापीठाने जीन चिझिक यांना नेमले. त्याआधीच्या दोन हंगामांत आयोवा स्टेटमध्ये त्यांनी ५ सामने जिंकले होते आणि १९ गमावले होते, आणि त्यांतील शेवटचे १० पराभव सलग होते. ऑबर्नचे क्रीडा संचालक जे जेकब्स विमानतळावर परतले, तेव्हा एका संतप्त चाहत्याने तेथेच त्यांना आरडाओरडा करून गाठले. त्याच चिझिक यांच्या संघाने २०१० च्या हंगामात १४ पैकी १४ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. याउलट डिसेंबर २०१७ मध्ये नेब्रास्काने स्कॉट फ्रॉस्ट यांना आणले, तेव्हा चाहत्यांनी त्यांना अक्षरशः डोक्यावर घेतले. १९९७ च्या विजेत्या नेब्रास्का संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू), त्याच राज्याचा सुपुत्र, आणि सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला नुकताच अपराजित ठेवलेला तरुण प्रशिक्षक, असा योग वारंवार येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना काढण्यात आले, तेव्हा नेब्रास्कातील त्यांच्या नावावर १६ विजय आणि ३१ पराभव होते.

यावरून चाहत्यांना काही कळत नाही, असा निष्कर्ष काढू नये. चिझिक यांच्याविषयीची शंका रास्त होती, आणि फ्रॉस्ट यांच्याविषयीची आशाही रास्त होती. दोन्ही वेळी चूक झाली ती एका माणसाच्या जुन्या नोंदीवरून किंवा नात्यावरून संपूर्ण संघाचे भवितव्य ठरवण्यात.

जुनी नोंद वाचावी, परंतु ती नीट फोड करून वाचावी. एकूण विजय किती, यापेक्षा ते कोठे मिळाले, हातात आलेला संघ कसा होता आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काय घडले, हे पाहावे. एखाद्या प्रशिक्षकाने दोन किंवा तीन वेगवेगळ्या ठिकाणी पडता संघ उभा केला असेल, तर ती खूण सर्वांत भरवशाची मानावी. कर्ट सिग्नेटी नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस इंडियाना विद्यापीठात आले, तेव्हा मोठ्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी कधी भूषवलेले नव्हते, आणि इंडियानाने नुकतेच १२ पैकी ९ सामने गमावले होते. तथापि जेम्स मॅडिसन विद्यापीठात त्यांची नोंद ५२ विजय आणि ९ पराभव अशी होती, आणि त्याआधीच्या लहान विद्यापीठांतही ते जिंकतच आले होते. पहिल्याच हंगामात इंडियानाने ११ सामने जिंकून प्लेऑफ (राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी) गाठले, आणि २०२५ च्या हंगामात सर्व १६ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. दुसरीकडे, व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा वेळा सुपर बोल (तेथील विजेतेपदाचा अंतिम सामना) जिंकलेले बिल बेलिचिक नॉर्थ कॅरोलिनाला आले, आणि २०२५ च्या पहिल्या हंगामात त्यांच्या संघाला ४ विजयांवर समाधान मानावे लागले. नावाचे वजन वेगळे आणि या विशिष्ट कामाचा अनुभव वेगळा, हा भेद करूनच आपले मत बनवावे.

नोंदीतून सुटणारेही काही असतात. डॅबो स्विनी यांना ऑक्टोबर २००८ मध्ये क्लेमसनने हंगामाच्या मध्यात मुख्य प्रशिक्षकपदाची तात्पुरती जबाबदारी दिली, तेव्हा ते केवळ वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या) खेळाडूंचे प्रशिक्षक होते. आक्रमण किंवा बचाव यांपैकी कोणत्याही विभागाचे कोऑर्डिनेटर (त्या विभागाचे प्रमुख सहायक प्रशिक्षक) म्हणून त्यांनी काम केलेले नव्हते. २०१० मध्ये त्यांच्या संघाचे विजय ६ आणि पराभव ७ असे होते, त्यामुळे त्यांना काढावे अशी भाषा सुरू झाली. पुढे २०१६ आणि २०१८ च्या हंगामांत क्लेमसन राष्ट्रीय विजेता ठरला. अशी माणसे कागदावरून ओळखता येत नाहीत, आणि तसा आव कोणी आणू नये.

नेमणुकीनंतरच्या पहिल्या महिन्यात चाहत्याचे सारे लक्ष सहायक प्रशिक्षकांच्या निवडीकडे असावे, असे माझे ठाम मत आहे. मुख्य प्रशिक्षकाचे भाषण सर्व जण ऐकतात, परंतु आक्रमणाचा आणि बचावाचा कोऑर्डिनेटर कोण आला, तो कोठून आला आणि मुख्य प्रशिक्षकाबरोबर त्याने आधी किती काळ काम केले आहे, याची बातमी चार ओळींत संपते. ऑबर्नच्या २०१० च्या यशात क्वार्टरबॅक कॅम न्यूटन यांचा वाटा उघडच होता, आणि आक्रमण रचणारे कोऑर्डिनेटर गस माल्झान यांचा वाटाही तेवढाच मोलाचा होता. २०११ च्या हंगामानंतर माल्झान दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. २०१२ मध्ये ऑबर्नने केवळ ३ सामने जिंकले, आपल्या परिषदेतील (विद्यापीठांच्या साखळी गटातील) आठही सामने गमावले, आणि चिझिक यांना जावे लागले. सिग्नेटी मात्र जेम्स मॅडिसनमधील आपले दोन्ही कोऑर्डिनेटर इंडियानाला घेऊनच आले, आणि त्यांच्या पाठोपाठ त्या संघातील डझनभर खेळाडूही आले. त्यामुळे नव्या ठिकाणी घडी बसवण्यात जे पहिले वर्ष सहसा खर्ची पडते, ते वाचले. कोऑर्डिनेटरची जागा आठवडेच्या आठवडे रिकामी राहिली, किंवा एकाच वर्षात दोनदा बदलली, तर ती काळजीची बाब समजावी. ऑफेन्सिव्ह लाइनचा (क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहून त्याला वाचवणाऱ्या पाच खेळाडूंचा) प्रशिक्षक कोण, हेही आवर्जून पाहावे. त्याचे नाव मथळ्यात येत नाही, परंतु क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला सवड मिळणार की नाही, हे बरेचसे त्याच्यावर अवलंबून असते.

त्यानंतर संघात कोण राहिले आणि कोण गेले, याचा हिशेब मांडावा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलने (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीने) आणि २०२१ पासून सैल झालेल्या नियमांनी हा हिशेब पार बदलून टाकला आहे. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला साधारणतः एक हंगाम बाहेर बसावे लागे. आता ती अट उरलेली नाही, आणि मुख्य प्रशिक्षक बदलला तर त्या संघाच्या खेळाडूंना पोर्टलमध्ये नाव नोंदवण्यासाठी स्वतंत्र मुदत मिळते. शालेय खेळाडूंचे करार डिसेंबरच्या सुरुवातीलाच होत असल्याने नवा प्रशिक्षक पुष्कळदा सामान उघडण्यापूर्वीच खेळाडूंच्या घरी फोन करत असतो. त्यात जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. तेव्हा प्रशिक्षक चांगला की वाईट, हे विचारताना विद्यापीठ या मर्यादेपर्यंत खर्च करणार आहे का, आणि त्यातील किती वाटा फुटबॉलला देणार आहे, हेही क्रीडा संचालकांना विचारले पाहिजे. साधने न देता निकालाची अपेक्षा करणे न्याय्य नाही.

कोलोरॅडोचे उदाहरण येथे जवळून पाहण्यासारखे आहे. २०२२ मध्ये १२ पैकी ११ सामने गमावलेल्या या संघाची सूत्रे डिओन सँडर्स यांनी हाती घेतली, आणि २०२३ च्या हंगामासाठी ८० हून अधिक नवे खेळाडू आणले. पहिले तीन सामने जिंकल्यावर देशभर चर्चा झाली. परंतु मैदानावर समोरासमोर रेटारेटी करणारी ऑफेन्सिव्ह लाइन कच्ची होती, आणि क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स त्या हंगामात ५० हून अधिक वेळा चेंडू हातात असतानाच खाली पाडले गेले. हंगाम ४ विजय आणि ८ पराभवांवर संपला. जो चाहता केवळ धावफलक पाहत होता त्याला हा शेवट धक्कादायक वाटला. जो क्वार्टरबॅकच्या पुढे उभ्या असलेल्या पाच खेळाडूंकडे पाहत होता, त्याला तो पहिल्या तीन विजयांतही दिसत होता. २०२४ मध्ये संघ सावरला आणि त्याने ९ सामने जिंकले.

वसंत ऋतूतील सराव सामन्यावरून फार काही ठरवू नये. एप्रिल २००७ मध्ये निक सेबन यांचा अलाबामातील पहिला सराव सामना पाहायला ९२ हजारांहून अधिक लोक आले होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलाबामा आपल्याच मैदानावर लुइझियाना-मनरोसारख्या लहान संघाकडून २१-१४ असा हरला. तो हंगाम ७ विजय आणि ६ पराभवांचा होता. पुढे अलाबामात सेबन यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली.

मग पहिल्या हंगामात पाहावे तरी काय? माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. खेळाडू चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्येही सुरुवातीइतक्याच शिस्तीने खेळतात का, हे पाहावे. सप्टेंबरमध्ये जी चूक झाली तीच नोव्हेंबरमध्ये होते का, याकडे लक्ष द्यावे. वेळेआधी हालचाल केल्याची पेनल्टी, चुकलेले टॅकलिंग (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणे), किक परतवतानाचा गोंधळ, या बाबी सरावाने सुटतात, आणि त्या सुटत नसतील तर सराव कसा चालतो याविषयी शंका घेण्यास जागा आहे. आणि एका टचडाउनच्या (सहा-सात गुणांच्या) आतबाहेर सुटणाऱ्या सामन्यांची वेगळी नोंद ठेवावी. एका वर्षी असे सामने हातचे जाणे हे पुष्कळदा दुर्दैव असते, म्हणून पहिल्या वर्षी त्यावरून गळा काढू नये. वर्षानुवर्षे तसेच होत राहिले, तर मात्र दोष निर्णयांत शोधावा. फ्रॉस्ट यांच्या चौथ्या हंगामात, २०२१ मध्ये, नेब्रास्काने ९ सामने गमावले, आणि त्यांतला एकही पराभव ९ पेक्षा अधिक गुणांनी नव्हता. पुढच्या हंगामाचा पहिला सामना ऑगस्ट २०२२ मध्ये डब्लिन येथे नॉर्थवेस्टर्नविरुद्ध झाला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये नेब्रास्का २८-१७ असा पुढे असताना फ्रॉस्ट यांनी मुद्दाम आखूड किक मारून चेंडू पुन्हा आपल्याकडेच मिळवण्याचा डाव टाकला. चेंडू नॉर्थवेस्टर्नच्या हाती पडला, सामन्याचा रंग तेथून पालटला, आणि नेब्रास्का ३१-२८ असा हरला. आघाडीवर असताना अशी जोखीम का घेतली, हा प्रश्न त्या दिवशी चाहत्यांनी विचारला तो योग्यच होता, कारण त्यामागे चार वर्षांची नोंद उभी होती.

विरोध करण्याचा हक्क चाहत्याला आहे. तिकिटे, देणग्या आणि विद्यार्थ्यांचे शुल्क यांवर हा सारा डोलारा उभा असल्याने तो हक्क मोठाही आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेनेसीच्या चाहत्यांनी ग्रेग शियानो यांची ठरत आलेली नेमणूक एका दिवसात मोडून काढली, आणि क्रीडा संचालक जॉन करी यांनाही आठवडाभरात जावे लागले. त्यानंतर आलेले जेरेमी प्रुइट खेळाडूंच्या भरतीतील नियमभंगांच्या चौकशीनंतर जानेवारी २०२१ मध्ये काढले गेले. मग आलेल्या जॉश ह्यूपल यांचे स्वागत थंडच झाले. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्याच संघाने १५ वर्षांच्या पराभवांनंतर अलाबामाला ५२-४९ असे हरवले. तेव्हा नकार देताना पुढे कोण येऊ शकतो, याचाही विचार करावा. आपला राग पत्राने, मतदानाने, तिकीट न घेऊन, क्रीडा संचालकांच्या जाहीर बैठकीत प्रश्न विचारून व्यक्त करावा. अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूला, किंवा प्रशिक्षकाच्या बायकोमुलांना उद्देशून एक शब्दही लिहू नये. त्यांनी ही नेमणूक केलेली नाही.

शेवटची सूचना यशाच्या काळासाठी आहे, कारण सर्वांत महागडी प्रतिक्रिया संतापाची नसून आनंदाची असते. संघ चार सामने जिंकला, की दुसरे विद्यापीठ प्रशिक्षकाला पळवील या धास्तीने चाहते आणि देणगीदार त्याचा करार वाढवण्याची मागणी करू लागतात. नोत्र दामने २००५ मध्ये चार्ली वाइस यांना त्यांच्या पहिल्याच हंगामाच्या मध्यावर दहा वर्षांचा करार दिला, आणि २००९ मध्ये त्यांना काढल्यावरही अनेक वर्षे पैसे देत राहावे लागले. टेक्सस ए अँड एमने २०२० च्या चांगल्या हंगामानंतर जिम्बो फिशर यांचा करार २०३१ पर्यंत वाढवला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना घालवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून अधिक बायआउट (मुदतीआधी करार मोडल्याची भरपाई) पत्करला. करारवाढीची बातमी आली, की वार्षिक वेतनाच्या आकड्यावर नजर न थांबवता तीन तपशील शोधावेत: त्यातील किती रक्कम हमीची आहे, प्रशिक्षकाला काढल्यावर दुसरी नोकरी लागली तर ती रक्कम कमी होते का, आणि तो स्वतःहून गेला तर विद्यापीठाला काय मिळते. सरकारी विद्यापीठांचे असे करार बहुधा मागितल्यास पाहायला मिळतात.