दोष बिअरचा, नळाचा की आपल्या जिभेचा? क्राफ्ट बिअर चाखताना या चुका टाळा

पहिल्यांदा स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) प्यायलो तेव्हा मी वहीत लिहिलं होतं: "काळी, पातळ, चव नाही. दोन तारे." ग्लास फ्रीझरमधून काढलेला, बाहेरून पांढराफटक, कडेला बर्फाची पापडी. तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेलो, वीसेक मिनिटं बोलत राहिलो आणि परत येऊन उरलेला अर्धा ग्लास तोंडाला लावला, तर आत भलतीच बिअर. भाजलेल्या कॉफीचा वास, मागून चॉकलेटचा कडवटपणा, शेवटी करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव. ग्लास कोणी बदलला नव्हता. बिअर तीच होती, तिचा गारठा तेवढा उतरला होता.

पुण्यात २००९ साली डूलाली ही स्वतःची बिअर तिथेच करून नळावर देणारी जागा सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडे ताज्या बिअरची गोडी वाढत गेली. (हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून डोकं फिरलेल्या गोऱ्या सोल्जरांपायी 'डूलाली' हा इंग्रजीत वेडसरपणाचा शब्द झाला.) बिअर बदलली, पण आपली प्यायची सवय बाटलीतल्या लागरचीच (नेहमीची फिकट, हलकी बिअर) राहिली: बर्फासारखी गार, बिनफेसाची, सोबत झणझणीत चखणा. त्याच सवयीनं क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरीत थोडी थोडी केलेली) प्यायची आणि मग तिला तारे द्यायचे, इथेच घोळ होतो.

बाटलीतली लागर बहुधा गाळलेली आणि पाश्चराइज केलेली असते, त्यामुळे महिनोन्महिने टिकते. नळाची क्राफ्ट बिअर बऱ्याचदा तशी नसते. तिचं दुधासारखं आहे. करणाऱ्यानं चांगली केली तरी पुढे केग (बिअरचं पिंप), नळी, नळ आणि ग्लास एवढ्यांच्या हातून ती आपल्यापर्यंत येते आणि वाटेत कुठेही नासू शकते.

"एकदम चिल्ड द्या"

अति गार बिअरचा वास उठत नाही आणि वासाशिवाय चव म्हणजे निम्मं जेवण. पिल्सनर (लागरचाच एक फिकट प्रकार) किंवा गव्हाची बिअर ५ ते ७ अंश सेल्सियसला छान लागते, आयपीए ही कडवट बिअर ८ ते १०, स्टाउट १० ते १३. थर्मामीटर घेऊन बसायची गरज नाही. साधा ग्लास मागा आणि बिअर फार गार वाटली तर दोन्ही तळव्यांत ग्लास धरून पाच मिनिटं गप्पा मारा. फ्रीझरमधल्या ग्लासला तर नाहीच म्हणा. बर्फ विरघळून बिअरमध्ये पाणी उतरतं, फेस भसाभस वर येतो आणि शेजारी सुरमई ठेवलेली असली तर तिचाही सुगंध फुकट मिळतो.

"भाऊ, फेस कमी"

फेसाचे पैसे कशाला द्यायचे, हा आपला बाणा. पण वास त्या फेसातूनच नाकाशी येतो. शिवाय ओतताना फेस झाला नाही तर गॅस बिअरमध्येच राहतो, पोटात जाऊन फुगतो आणि आपण वहीत लिहितो, "हेवी वाटली." साधारण दोन बोटं फेस हवाच. हाफ ग्लासभर फेस येत असेल तर मात्र तक्रार रास्त आहे. नळी गरम झालेली असते, नाहीतर गॅसचा दाब चुकलेला असतो.

ग्लासची तपासणी

हे कोणी करत नाही आणि याला दहा सेकंद लागतात. बिअर ओतल्यावर ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले की समजा, तिथे तेल, लिपस्टिक किंवा साबणाचा थर आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे वर जातात, भिंतीला चिकटत नाहीत. प्रत्येक घोटानंतर फेसाची एक जाळीदार कडा काचेवर मागे राहते, बांगड्या ठेवल्यासारखी. ती दिसली की ग्लास चांगला. दोन मिनिटांत फेस मेला म्हणून मी एका चांगल्या गव्हाच्या बिअरला एकदा नावं ठेवली होती. नंतर लक्षात आलं, त्या दिवशी टेबलावरच्या चारही ग्लासांत तेच झालं होतं. गार पाण्यानं विसळलेला दुसरा ग्लास मागायचा, एवढंच.

आधी चखणा, मग चव

मिरचीनं जीभ पेटलेली असताना बिअरमधला गॅस ती आग आणखी भडकवतो, कडवटपणाही जास्त टोचतो. चिली चीज टोस्ट आणि मसाला पापड झाल्यावर प्यायलेली आयपीए कोणालाही "फारच कडू" लागेल. आधी चाखा, लिहा, मग खा. मध्ये जीभ धुवायला पाणी आणि बिनतिखटाचे चुरमुरे किंवा पावाचा तुकडा पुरे. बडीशेप, पान, सिगरेट आणि मानेवरचं अत्तर त्या वेळेपुरतं बाजूला.

क्रमही महत्त्वाचा. फिकट आणि हलक्या बिअरपासून सुरुवात करून गडद, कडू आणि चढणारी शेवटी. उलट केलंत तर स्टाउटनंतरची पिल्सनर पाण्यासारखी लागणारच. शंभरेक मिलीलिटरचे चार नमुने पुरे होतात. सहाव्याला प्रत्येक बिअर उत्तमच वाटू लागते आणि तो रिव्ह्यू सकाळी वाचवत नाही.

न आवडणं वेगळं, बिघडणं वेगळं

सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. "केळ्याचा वास येतोय, खराब झालीय" अशी तक्रार जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरबद्दल मी कितीदा ऐकली असेल. तिचं यीस्टच केळं आणि लवंगेची चव तयार करतं, ती यावी म्हणूनच ते वापरतात. तशी बिअर गढूळ असणंही बरोबर. गोझे ही जर्मन बिअर आंबट आणि किंचित खारट असते, कोकम किंवा आमसूल घातलं तर आणखीच. जर्मनीतल्या बांबेर्ग गावच्या धुराच्या बिअरला चुलीवर धूर लागलेल्या दुधासारखा वास येतो आणि तिथले लोक ती आवडीनं पितात. आपल्याला आवडली नाही तर तसं खुशाल लिहावं, पण दोष म्हणून नाही.

खरे दोष ओळखायला आपल्याला परदेशी शब्दांची गरज नाही, स्वयंपाकघर पुरतं.

थिएटरातल्या पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास आला तर तो डायअसिटिल. यीस्ट तो आधी तयार करतं आणि निवांत वेळ दिला तर स्वतःच परत खाऊन टाकतं. टाकी घाईनं रिकामी केली की तो मागे राहतो. पण न धुतलेल्या नळीतले जिवाणूही हाच वास देतात, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लोणावळ्याच्या वाटेवर गाडीवर उकडत असलेल्या कणसांचा वास आला तर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) रस पुरेसा उकळला गेला नाही. फिकट माल्टमध्ये मुळातच एक घटक असतो, तापवल्यावर त्यातून हा वास सुटतो आणि तो वाफेबरोबर निघून जायला भांडं उघडं ठेवून खळखळून उकळावं लागतं.

हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर बहुतेक कच्ची, यीस्टचं काम संपायच्या आधीच काढलेली. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास म्हणजे बिअरला हवा लागली किंवा ती जुनी झाली. ताकासारखा आंबटपणा गोझेत चालेल, पण ॲम्बर एलमध्ये (तांबूस, हलक्या गोडीची बिअर) व्हिनेगर झोंबलं तर तो बिघाडच.

आणि उन्हातलं टेबल! ऊन हॉप्समधला (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडू भाग फोडतं, त्यातून गंधकाचा उग्र वास सुटतो. बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच. पारदर्शक ग्लासात हे काही मिनिटांत होतं. गच्चीवर दुपारी बसून "वास मारते" असं लिहिण्याआधी सावलीतला दुसरा ग्लास चाखा.

दोष नेमका कुठला, ते असं शोधा

वास खटकला की लगेच टाइप करू नका. आधी त्याच नळाचा दुसरा ग्लास मागा. पहिल्यात दोष आणि दुसऱ्यात नाही, तर नळीत साचलेली शिळी बिअर तुमच्या वाट्याला आली होती. दोन्हीत आहे? मग शेजारच्या नळाचा नमुना घ्या. दोन-तीन वेगवेगळ्या बिअरमध्ये तेच लोणी किंवा तोच आंबूस वास असेल तर नळ्यांची सफाई राहिलेली आहे. ती दर दोन आठवड्यांनी व्हायला हवी. एकाच बिअरमध्ये असेल तर ती टाकी बिघडली, नाहीतर तिची एकटीची नळी. तीच बिअर दुसऱ्या ठिकाणी चांगली लागली तर ब्रुअरी सुटली. आणि सगळ्याच बिअर सारख्या बेचव लागत असतील तर सर्दी झालीय का बघा. मी एकदा सर्दीत चार रिव्ह्यू लिहिलेत, अजून लाज वाटते.

कडू की तुरट?

आपल्या भाषेत सहा रस आहेत आणि रिव्ह्यूत आपण लिहितो काय, तर "स्मूथ" आणि "रिफ्रेशिंग". कारलं कडू, कच्चं जांभूळ तुरट. हॉप्सचा कडूपणा जिभेवर येतो आणि ओसरतो. तुरटपणानं गालाचा आतला भाग आखडतो. माल्ट फार गरम पाण्यानं धुतलं की सालीतलं टॅनिन उतरतं, चहा जास्त उकळल्यासारखं. पहिला आयपीएचा गुण, दुसरा कारागिरीची चूक. दोन्हीला "बिटर" म्हटलं की वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि ब्रुअरला तर मुळीच नाही.

बिअर स्पर्धांचे परीक्षक वापरतात तो बीजेसीपीचा (परीक्षक तयार करणारी संस्था) तक्ता एकूण ५० गुणांचा आहे: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. दिसण्याला फक्त ३. आपल्या रिव्ह्यूत मात्र निम्मी जागा फोटो खातो. मी आता दोनच ओळी लिहितो, पण अशा: "आंब्याची गव्हाची बिअर. वास पिकल्या हापूसचा, चव मात्र सालीजवळच्या गरासारखी, किंचित तुरट. अर्ध्या ग्लासानंतर गोडी जड होते. शुक्रवारी रात्री, साधा ग्लास." दिवस आणि ग्लास लिहायचा, कारण पुढच्या आठवड्यात टाकी नवी असू शकते.

ग्राउलरमधून (नळाची बिअर भरून न्यायची मोठी बाटली) घरी नेलेल्या बिअरवर तर लिहूच नका, त्याच दिवशी उघडली नसेल तर. झाकण उघडलं की गॅस उडायला लागतो आणि हवा आत शिरते. दुसऱ्या रात्रीची बिअर ब्रुअरनं पाठवलेली नसते.

खटकलेली गोष्ट आधी काउंटरवर सांगायची, हे मी उशिरा शिकलो. मागच्या पावसाळ्यात एका ठिकाणी ॲम्बर एल मागवली, तर व्हिनेगरचा वास. फोनवर तिखट शब्दांत चार ओळी लिहून झाल्या होत्या. तरी ग्लास घेऊन काउंटरवर गेलो आणि म्हटलं, "दादा, जरा वास घेऊन बघ." त्यानं वास घेतला, तोंड वाकडं केलं, नळ उघडा सोडून लिटरभर बिअर बेसिनमध्ये वाहू दिली आणि मग नवा ग्लास भरला. खरपूस, कॅरमेलची हलकी गोडी, आंबटपणाचा मागमूस नाही. "सॉरी सर," तो म्हणाला, "रविवारपासून सगळे मँगोच मागतायत. ही नळी कोणी उघडलीच नव्हती."

तो गुरुवार होता.