केमोत मुलाचं तोंड आलं? या चुका टाळा

घरात कुणाचं तोंड आलं की ‘उष्णता झाली’ म्हणायचं, बी-कॉम्प्लेक्सची गोळी द्यायची, बोरोग्लिसरीन लावायचं आणि दोन दिवस तिखट बंद. एरवी चालून जातं. केमो चालू असलेल्या मुलाला हाच शिरस्ता लावला तर घोटाळा होतो, कारण इथे तोंड येण्याचं कारणच वेगळं आहे.

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. तोंडाच्या आतलं अस्तर साधारण एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं, त्यामुळे तेही या माऱ्यात सापडतं. नव्या पेशी थांबल्या की अस्तर पातळ होतं, लाल होतं आणि मग सोलवटतं. हे डोसनंतर साधारण ५ ते १० दिवसांत दिसू लागतं. नेमक्या त्याच सुमारास रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला गेलेली असते. म्हणजे जंतूंमुळे फोड येत नाहीत. औषधाने फोड येतात आणि त्या उघड्या जागेतून तोंडातले जंतू रक्तात उतरतात. एरवी निरुपद्रवी असलेले व्हिरिडन्स गटाचे स्ट्रेप्टोकोकाय त्यात आघाडीवर असतात. एएमएल या रक्ताच्या कर्करोगात सायटाराबिन या केमोच्या औषधाचे मोठे डोस घेतलेल्या मुलांत हे जंतू रक्तात शिरून रक्तदाब कोसळल्याचं डॉक्टरांना चांगलंच माहीत असतं. खालच्या बहुतेक चुका ही साखळी लक्षात न घेतल्यामुळे होतात.

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी

मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाच्या मोठ्या डोसनंतर तोंड येणं नेहमीचं. हे औषध पेशींना फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडच्या कुळातलं जीवनसत्त्व) वापरू देत नाही. त्याचा सारा परिणाम त्यावरच आहे. ‘जीवनसत्त्व कमी पडलं असेल’ म्हणून घरी दिलेल्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बहुधा फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि ते उपचारात ढवळाढवळ करतं. कुठलंही टॉनिक विचारल्याशिवाय नको.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. मेथोट्रेक्सेटनंतर निरोगी पेशींना वाचवणारं ल्यूकोव्होरिन, म्हणजे फॉलिनिक अ‍ॅसिड, घड्याळ लावून द्यायचं असतं, बहुधा दर ६ तासांनी आणि रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी उतरेपर्यंत. त्यातला रात्री २ चा डोस ‘झोपलाय, सकाळी देऊ’ म्हणून टाळला की पुढच्या आठवड्यात तोंड सोलून निघू शकतं. डोसनंतर मूल ओकलं तर अंदाजाने पुन्हा देऊ नका, वॉर्डला फोन करा. औषधाच्या दुकानात फॉलिनिकच्या जागी फॉलिकची पट्टी हातात पडू शकते, नावं एवढी जवळची आहेत. काउंटरवरच पट्टीवरचं नाव चिठ्ठीशी ताडून पाहा.

दुखतंय म्हणून ब्रश बंद

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दोन दिवस ब्रश नाही म्हणजे हिरडीच्या कडेला जंतूंचा थर. तिथली हिरडी सुजते, रक्त येतं, आणि ‘बघा, ब्रशनेच रक्त येतं’ म्हणून ब्रश आणखी लांबणीवर. अतिमऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या, कोमट पाण्यात मिनिटभर धरून आणखी मऊ करा आणि दिवसातून दोनदा फिरवा. ३ वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. पुदिन्याची झोंबत असेल तर फेस न करणारी, सौम्य चवीची घ्या. तीही सोसत नसेल तर ते चार दिवस नुसत्या पाण्याने घासा. स्पंजची काडी तोंड ओलं ठेवायला ठीक, दातांवरचा थर तिने निघत नाही. दात नसलेल्या बाळाच्या हिरड्या बोटाला गुंडाळलेल्या ओल्या गॉझने पुसायच्या.

प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) फार खाली असतील आणि रक्त थांबत नसेल तर मात्र काय करायचं ते वॉर्ड ठरवेल. मिश्री, राखुंडी, मीठ-कोळसा ही गावाकडची सामग्री मुलाच्या हिरड्यांजवळही नेऊ नका.

गुळण्यांचं चुकलेलं पाणी

गुळणीचं काम तोंड ओलं ठेवणं आणि अन्नाचे कण काढणं, एवढंच. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात १ सपाट चहाचा चमचा मीठ आणि १ सपाट चमचा खायचा सोडा. शीग लावलेला चमचा घातला की झोंबतं, आणि एकदा झोंबलं की मूल पुढच्या गुळणीला तोंड उघडत नाही. बेकिंग पावडर चालत नाही, कपडे धुण्याचा सोडा तर घातकच. जेवणानंतर आणि झोपताना धरून दिवसातून ४ ते ६ वेळा, तोंड आलेलं असताना जागेपणी दर २-३ तासांनी. अर्धा मिनिट घोळवून थुंकायचं. उरलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. थुंकता न येणाऱ्या मुलाचं तोंड त्याच पाण्यात भिजवलेल्या गॉझने पुसा.

अल्कोहोल असलेले माउथवॉश, हायड्रोजन पेरॉक्साइड, तुरटी, हळदीचा लेप बाहेर ठेवा. झाडपाल्यावर बुरशीचे बीजाणू असू शकतात, आणि इथे जखम उघडी असते.

क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक गुळणी) आणि निस्टॅटिन (बुरशीवरचं औषध) दोन्ही लिहून दिलेली असतील तर त्यांच्यात किमान अर्धा तास जाऊ द्या. एकापाठोपाठ दिली तर क्लोरहेक्सिडिन निस्टॅटिनचा परिणाम मारून टाकतं. ब्रश आणि क्लोरहेक्सिडिन यांच्यातही तेवढंच अंतर, कारण पेस्टमधला फेस करणारा घटक ते निकामी करतो.

पांढरं दिसलं की बुरशी

टॉर्च लावून नीट पाहा. दह्याच्या कवड्यांसारखे, विखुरलेले, हलक्या हाताने पुसले तर निघणारे आणि खाली लाल जागा सोडणारे ठिपके बहुधा कँडिडा या बुरशीचे. पण गालाच्या आत, जिभेच्या खालच्या बाजूला, मऊ टाळूवर लालसर कडेची जखम आणि तिच्यावर घट्ट बसलेला पांढरट-पिवळा पापुद्रा असेल तर तो केमोच्या फोडाचा. तो खरवडून काढायचा नाही; रक्त येतं आणि जंतूंना वाट मिळते. हिरड्यांवर, कडक टाळूवर किंवा ओठांच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका, आणि दुखणं दिसतं त्याहून फार जास्त, असं असेल तर हर्पीस या विषाणूचा संशय घ्यायचा. त्याला असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध लागतं, उशीर परवडत नाही. ओठावर ‘जर’, म्हणजे याच विषाणूचे फोड, उठलेल्या पाहुण्याला मुलाचा पापा घेऊ देऊ नका, मग तो सख्खा मामा का असेना.

घरात उरलेल्या बुरशीच्या गोळ्या वापरू नका. इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल हे व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधासोबत गेलं की नसांवरचा त्रास, बद्धकोष्ठ, पायांतली ताकद जाणं वाढतं. उरलेलं अँटिबायोटिकही तसंच: फोड त्याने भरत नाहीत, उलट नेहमीचे जंतू मेल्यावर कँडिडाला रान मोकळं होतं.

दुकानातलं जेल

तोंड येण्यावरच्या अनेक जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं. प्लेटलेट कमी असलेल्या मुलाला ते नको. बेन्झोकेन या बधिर करणाऱ्या औषधाने २ वर्षांखालच्या बाळांत रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. लिग्नोकेन हे बधिर करणारं दुसरं औषध डॉक्टरांनी मोजून दिलं तरच. घसा बधिर झाल्यावर लगेच भरवलं तर ठसका लागतो. पोटात द्यायचं आयब्युप्रोफेनही नाही: प्लेटलेटचं काम बिघडतं आणि मेथोट्रेक्सेट शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो.

ताप न मोजता पॅरासिटामॉल

तोंड दुखतं म्हणून दिलेलं पॅरासिटामॉल ताप झाकतं, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना ताप हीच बहुधा एकमेव खूण असते. आधी थर्मामीटर, मग औषध, आणि तेही विचारून. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सिअस दिसलं की रुग्णालयाने वेगळा आकडा दिला नसेल तर तडक निघायचं, रात्री ३ वाजले असले तरी. पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा दंडक आहे. काखेत मोजलेला ताप थोडा कमी येतो, हे धरून चाला. गुदद्वारातून मोजू नका. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसला तरी निघा.

‘खात नाही, पण बरा आहे’

खाणं दोन दिवस कमी झालं तर निभतं, पाणी कमी झालेलं निभत नाही. मऊ पेज, मुगाचं खिमट, पातळ शिरा, गार केलेलं दूध, सगळं कोमट किंवा गार आणि थोडं थोडं. लिंबू, चिंच, टोमॅटोचं सार, चिवडा, भाकरीचा कडक पापुद्रा बंद. ८ तासांत लघवी नाही, लाळ गिळता येत नाही, किंवा औषधाच्या गोळ्याही जात नाहीत, तर दाखल व्हावं लागतं. अशा वेळी डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली तर घाबरून नाही म्हणू नका. तिच्यातून अन्नही जातं, औषधही. आणि दुखणं आवरायला मॉर्फिन लागलं तर त्याचा अर्थ आजार वाढला असा नसतो.

हलणारा दुधाचा दात

५-७ वर्षांचं मूल तोंड आलेलं असतानाच नेमका दात हलवत बसतं. तो ओढू नका, दोरा तर नाहीच. पांढऱ्या पेशी सावरल्या की फोड भरू लागतात, साधारण दोन-तीन आठवड्यांत, आणि दातांच्या डॉक्टरांकडची कामं तेव्हा, कर्करोगतज्ज्ञांच्या परवानगीने करायची. एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या) १०००च्या खाली असताना टाळता येणारं काम पुढे ढकलतात.

पुढच्या केमोआधी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: फोड कितव्या दिवशी आले, सगळ्यात वाईट दिवशी मूल घट्ट अन्न, पातळ अन्न की काहीच घेत नव्हतं, आणि वजन किती उतरलं. डोस तोच ठेवायचा की बदलायचा हे ठरवताना त्यांना नेमकी हीच माहिती लागते, आणि ती केसपेपरवर बहुधा नसते.